पुदिना, कोको आणि आपली रवी

(आपल्या मंडळाच्या महिला शाखेने इंदूरमध्ये घेतलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रात्यक्षिकासह केलेल्या भाषणाचा हा मजकूर. प्रमाण लिहून द्या असा बऱ्याच जणींचा आग्रह होता, म्हणून स्मरणिकेत देत आहोत.)

 

आम्हाला विषय दिला होता 'थंडीतली गरम पेयं'. सुंठीचा काढा, गवती चहा, मसाला दूध असं काहीतरी आम्ही सांगू, अशी तुमची अपेक्षा असणार. आम्ही निवडलंय पुदिन्याचं हॉट चॉकलेट. नाव ऐकताच दोन-तीन काकूंच्या कपाळावर आठी पडलेली इथून दिसली आम्हाला. जरा थांबा. आठी का पडली आणि ती का काढायची, तेही बोलू. पण आधी पातेलं चढवू या, कारण वेळ दुधाला लागतो.

हे जाड बुडाचं पातेलं. आधी पाण्यानं विसळून घेतलंय, पुसलेलं नाही. बुडाशी पाण्याचा हात राहिला की दूध लवकर धरत नाही, हे आमच्या सासूबाईंनी शिकवलंय आणि तुम्हा सगळ्यांच्या घरी तेच असणार. यात १ लिटर मलईचं दूध. यातून मध्यम आकाराचे ६ कप होतात. आच मध्यम. इकडे पुदिन्याची एक चांगली भरलेली जुडी. पानं खुडून, तीन पाण्यांनी धुऊन, फडक्यावर कोरडी केली आहेत. मोजाल तर ३५-४० पानं, म्हणजे दोन्ही मुठी सैल भरून. देठ घेऊ नका, देठानं दुधाला गवताचा वास येतो. पानं चिरायची नाहीत, वाटायची तर मुळीच नाहीत. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताची एक थाप मारायची, बस. वाटलेला पुदिना दुधात घातला तर हिरवं, कडवट काहीतरी तयार होतं. ती चटणीची रीत आहे, इथे चालत नाही.

बघा, दूध वर आलं. आता गॅस बंद. पुन्हा सांगतो, बंद. पानं उकळत्या दुधात घालून उकळत ठेवायची नाहीत. ही घातली, ढवळली, वर ताट झाकलं. आता ८ मिनिटं हात लावायचा नाही. पुदिन्याचा वास आहे तो पानातल्या तेलाचा. हे तेल दुधातल्या स्निग्धांशात छान उतरतं, पण झाकण नसेल तर वाफेबरोबर उडूनही जातं. सगळ्या घराला पुदिन्याचा घमघमाट सुटला तर समजा, कपातला गेला. ८ मिनिटांनी कमी वाटलं तर १० करा, पण १५ नको. फार वेळ ठेवलं की तुरटपणा येतो.

तर या ८ मिनिटांत आठीबद्दल बोलू.

गेल्या कोजागिरीला आपण मंडळात २५ लिटर दूध आटवलं होतं. केशर, वेलदोडा, जायफळ, बदाम-पिस्ते, काही कमी नव्हतं. ६ लिटर उरलं. घरोघरी वाटावं लागलं. दूध बिघडलं होतं असं नाही, प्यायला माणसं नव्हती. आपली तरुण मुलं आली, आजी-आजोबांच्या पाया पडली, १० मिनिटं थांबली आणि गेली. कुठे गेली ते आम्हाला ठाऊक आहे, कारण त्यात आमची तीन होती. शहरातल्या एका कॅफेत बसून त्यांनी 'मिंट हॉट चॉकलेट' घेतलं. एका कपाचे २४० रुपये. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मुद्दाम त्याच ठिकाणी जाऊन एक कप तिघींत घेतला. बाटलीतलं सरबत ओतलेलं, वर फसफसलेली मलई, आणि चव अशी की दात घासून झाल्यावर कुणी कोको पाजलाय. मुलांना म्हटलं, यापेक्षा बरं आपण घरी करू. त्यांना ते पटलं नाही. मग करून दाखवलं, तेव्हा पटलं.

त्यानंतर कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही सुचवलं की पुढच्या कोजागिरीला दोन कढया चढवू या. एकीत मसाला दूध, दुसरीत हे. तेव्हा आपल्यातलेच एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आज चॉकलेट आणाल, उद्या कोजागिरीला केक कापाल." काका आज मागे उभे आहेत, हसताहेत. त्यांचा राग नाही आम्हाला. पाच-सहा पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून आपण जे टिकवलं ते अशाच राखणीमुळे टिकलं. आमचे खापरपणजे सासरे होळकरांच्या चाकरीत इंदुरात आले. तेव्हापासून घरात श्रावणी शुक्रवारचं पुरण कधी चुकलेलं नाही. त्यामुळे 'हे आपलं नाही' हे वाक्य आम्हीही म्हणतो, आणि नेहमी जपूनच म्हणतो.

पण काका, एकादशीला आपण काय खातो? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला. त्यातला शेंगदाणा तिथला, बटाटा तिथला, हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेतलीच. पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर या वस्तू आपल्याकडे आल्या. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज आहे. आज आपल्या उपासाला गहू चालत नाही, जो इथे हजारो वर्षं पिकतोय, आणि समुद्रापलीकडचे हे चौघे चालतात. मसाला दुधातलं जायफळ मुळात इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. कोको याच सगळ्यांचा भाऊबंद आहे. बटाट्याच्या खंडातलाच, फक्त आपल्या स्वयंपाकघरात पोहोचायला त्याला उशीर झाला.

कोकोचं झाड पाहिलंय का कुणी? आम्ही कर्नाटकात दक्षिण कन्नड जिल्ह्यात पाहिलं. मंगळूर-पुत्तूरकडे सुपारीच्या बागांच्या सावलीत ही झाडं लावतात. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर येतात, फणसासारखी. इवलीशी, पांढरी-गुलाबी. मग पपईएवढं लांबट फळ. त्यात पांढऱ्या गराने लगडलेल्या ३०-४० बिया. गर गोड असतो, मुलांना फार आवडतो. बियांना मात्र त्या क्षणी चॉकलेटची चव अजिबात नसते, कडू-तुरट असतात. गरासकट ढीग करून त्या ५-६ दिवस आंबवाव्या लागतात, मग उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या. आंबवल्याशिवाय चॉकलेटचा वास तयारच होत नाही. इडली-डोसा करणाऱ्या मुलखात हे काम रुजलं यात नवल नाही. तिथल्या शेतकऱ्यांची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था १९७३ साली स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिनं पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. केरळात, तमिळनाडूत आणि आंध्रात गोदावरीच्या काठी नारळाच्या बागांतही कोको होतो. तेव्हा डब्यावर कोको लिहिलेलं असलं म्हणजे तो परदेशीच, असं काही नाही.

मुळात हे प्यायचंच पेय. चॉकलेटची वडी फार अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत माया आणि अझ्टेक लोक कोको पीतच. साखर नाही, दूध नाही. भाजलेल्या बिया दगडी पाट्यावर वाटायच्या, पाणी घालायचं, मिरची, मक्याचं पीठ, सुगंधी फुलं. आणि फेस हवाच. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहायचं, फेस येईपर्यंत. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संग्रहालयात आठव्या शतकातलं एक माया पात्र आहे, त्यावर एक बाई उभी राहून हेच करताना काढली आहे. आपण दूध निवत घालतो तशीच. तिच्या हातातल्या भांड्याची उंचीसुद्धा ओळखीची वाटते.

मग स्पॅनिश लोक तिथे गेले. त्यांनी साखर घातली, दालचिनी घातली. आणि मेक्सिकोत फेस काढायला एक लाकडी वस्तू रूढ झाली. लांब दांडा, खाली कोरीव, खाचा पाडलेला गड्डा, आणि दांडा दोन तळहातांत धरून घुसळायचा. तिला 'मोलिनियो' म्हणतात. आजही तिथल्या घरांत ती असते. तिचा फोटो आम्ही आमच्या धाकट्या लेकीला दाखवला, तर ती म्हणाली, "अरे, ये तो अपनी वो लकड़ी वाली चीज़ है."

ती लकड़ी वाली चीज़ म्हणजे रवी.

इथे आम्हाला खरं काय बोलायचं होतं ते सांगतो. मंडळातल्या पंधरा-वीस मुलामुलींना आम्ही सहज विचारलं, हे काय आहे? बरेच जण म्हणाले मथनी. दोघे-तिघे म्हणाले रवी. बाकीच्यांनी नुसतं हात फिरवून दाखवलं. साय म्हटलं की कळतं, पण बोलताना ओठावर येते मलाई. दूध उतू गेलं असं कुणी म्हणत नाही, 'उफन गया' म्हणतात. हिंदीशी आमचं भांडण नाही, आम्हीही बाजारात तीच बोलतो, आणि घरातसुद्धा अर्धी वाक्यं तिच्यातच येतात. पण विरजण, घुसळणं, आटवणं, निवणं, बुडाशी लागणं हे शब्द कुठल्या वर्गात शिकवून येत नाहीत. हातात रवी असली की येतात. आणि मुलांच्या हातात रवी द्यायची तर त्यांना हवं असलेलं काहीतरी पातेल्यात असावं लागतं. ताक त्यांना नको आहे, ते पाकिटात मिळतं. हे त्यांना हवं आहे.

बरोबर ८ मिनिटं झाली. झाकण काढू. वास घ्या पहिल्या रांगेतल्यांनी. आता गाळून घ्यायचं. पानं गाळणीवर हलकेच दाबा, पिळू नका.

आता कोको. बाजारात दोन वस्तू मिळतात आणि इथेच गफलत होते. एक 'ड्रिंकिंग चॉकलेट', दुसरी साधी कोको पावडर. डबा हातात घेतला की मागे घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमानं जो घटक वजनाला सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. ड्रिंकिंग चॉकलेटच्या बऱ्याच डब्यांवर पहिलं नाव साखरेचं दिसेल. म्हणजे आपण साखर विकत घेतो, तीही कोकोच्या भावानं. त्यापेक्षा नुसता, साखर नसलेला कोको घ्या. साखर आपल्या घरात आहे.

कोकोतही दोन जाती. बीमध्ये जवळजवळ निम्मं तूप असतं, कोको बटर. पूर्वी पेयावर ते तरंगायचं. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन घराण्यानं १८२८ मध्ये दाबयंत्रानं हे तूप काढून टाकण्याची रीत शोधली. उरलेली पेंड कुटली की कोको पावडर. पुढे त्यांनी तिच्यावर खाराची प्रक्रिया केली, त्यानं आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि ती पाण्यात चांगली मिसळते. अशा डब्यावर 'डच प्रोसेस्ड' किंवा 'अल्कलाइज्ड' लिहिलेलं असतं. या पेयाला आम्ही तीच वापरतो. साधी कोको असेल तरी हरकत नाही, किंचित आंबटसर, फळासारखी चव येते. फक्त दूध ताजं असावं. सकाळचं तापवलेलं, संध्याकाळी कडेला आलेलं दूध आणि आंबट कोको एकत्र आले की फाटण्याची भीती.

प्रमाण लिहून घ्या. १ लिटर दुधाला कोको ४० ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले ८ मोठे चमचे. साखर ५ मोठे चमचे, साधारण ६० ग्रॅम. मीठ चिमूटभर, विसरू नका, कडवटपणा त्यानं दबतो. पाणी अर्धी वाटी, कडकडीत. घरात चांगलं गडद चॉकलेट असेल तर ५० ग्रॅम किसून, पण ते चैनीचं.

कोको सरळ दुधात टाकला तर गुठळ्या होतात आणि वर तरंगतात, कारण त्यात अजून तूप आहे आणि ते पाण्याशी पटवून घेत नाही. म्हणून या वाडग्यात कोको, साखर, मीठ एकत्र कोरडंच ढवळायचं. साखरेचे दाणे मध्ये येतात, गुठळ्या मोडतात. मग कडकडीत पाणी थोडं थोडं. पिठलं लावताना डाळीचं पीठ कालवतो ना, तसंच. गुळगुळीत, चमकदार घोळ झाला पाहिजे. हा बघा. असा दोन मिनिटं राहू द्या, गरम पाण्यानं कोकोचा वास फुलतो.

आता गाळलेलं दूध पुन्हा मंद आचेवर, त्यात हा घोळ. कडेनं बुडबुडे दिसू लागले की २ मिनिटं, आणि उतरवायचं. खळखळून उकळायचं नाही, पुदिना आत्ताच कष्टानं उतरवलाय.

आणि आता ही रवी. ये गं इकडे, तूच ये. दोन्ही तळहातांत धर. पातेलं जरासं कलतं. रवी बुडाला टेकू नको देऊस, पृष्ठभागापाशी ठेव, म्हणजे हवा आत जाईल. हं, घुसळ. मिक्सर चालेल का, असं कुणीतरी विचारलं. चालेल. पण गरम दूध मिक्सरच्या बंद भांड्यात घालू नका, वाफेनं झाकण उडतं आणि भाजतं. रवीनं दीड-दोन मिनिटांत फेस येतो, आणि घुसळल्यामुळे साय धरत नाही. साय बघून नाक मुरडणारी मुलं प्रत्येक घरात आहेत, त्यांच्यासाठी एवढा उपाय पुरे.

ती घुसळते आहे तोवर पुदिन्याबद्दल थोडं, कारण यात एक जपण्याची गोष्ट आहे.

आपण बाजारातून आणतो तो पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट जातीचा. त्याचा वास कार्वोन नावाच्या द्रव्याचा, गोडसर. तोंडात बर्फ ठेवल्यासारखं जे गार वाटतं ते मेंथॉलचं काम, आणि ते पेपरमिंट जातीत आणि ज्याला शेतकरी जपानी पुदिना किंवा मेंथा म्हणतात त्यात भरपूर. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथ्याची शेतंच्या शेतं असतात, लखनौच्या 'सीमॅप' या संस्थेनं त्याचे 'कोसी'सारखे वाण काढलेत. मेंथॉलनं तोंड खरंच थंड होत नाही. जिभेवर आणि त्वचेत गारवा ओळखणारी जी यंत्रणा आहे ती मेंथॉल लागताच चाळवते आणि मेंदूला वाटतं, गार लागलं. ही यंत्रणा शोधणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना, स्पर्श आणि तापमान आपल्याला कसं कळतं यावरच्या कामासाठी, २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या आजोबांच्या पिढीला हे सगळं न कळताही कळलं होतं. लहानपणी कुठलीही गोळी म्हणजे 'पेपरमिट', आठवतं ना?

आता जपण्याची गोष्ट. ताजा पुदिना नाही, मग पानवाल्याकडचे किंवा अत्तारवाल्याकडचे पिपरमिंटचे खडे दुधात टाकू, असं कुणीही करू नका. ते जवळजवळ शुद्ध मेंथॉल. कापूर, ओव्याचं फूल आणि हे पुदिन्याचं फूल एकत्र केलं की आपोआप पाणी होतं, त्यालाच आपण अमृतधारा म्हणतो. ते औषध आहे, थेंबाच्या हिशेबात घेण्याचं. तान्ह्या बाळांच्या नाकातोंडाजवळ तर मेंथॉल नेऊच नका, श्वास अडकू शकतो. खाण्याचा पेपरमिंट अर्क बाटलीत मिळतो तो चालतो, पण १ लिटरला ३-४ थेंबांनी सुरुवात करा आणि गॅस बंद केल्यावर घाला. कॅफेतली टूथपेस्ट याच बाटलीतून येते, हात सैल सुटला की.

आमचं मत विचाराल तर ताजी पानंच घ्या. पुदिना फुकट आहे. जुडीतल्या चार जाड काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग कुंडीत लावा. एकटाच लावा. दुसऱ्या रोपांबरोबर लावलात तर सगळी कुंडी बळकावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात सावली द्यावी लागते, एवढंच त्याचं मागणं.

खर्चाचा हिशेबही सांगतो, कारण मागून कुणीतरी विचारलाच. दूध, कोको, साखर, पुदिना मिळून आमच्या घरी कपाला २५-३० रुपये पडतात. २०२४ मध्ये कोको फार महागला, नाहीतर आणखी कमी पडले असते.

हे सगळ्यांनी रोज प्यावं असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, रात्री आडवं पडल्यावर घशाशी येतं, त्यांनी झोपण्यापूर्वी घेऊ नये. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती चॉकलेटनंही सैल पडते आणि पेपरमिंटनंही, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडचण. कोकोत थोडं कॅफीन असतं, कॉफीपेक्षा बरंच कमी, पण लहान मुलांना रात्री ९ नंतर नकोच. मधुमेह असलेल्यांसाठी आम्ही एक पातेलं साखरेशिवाय केलंय, वर किंचित दालचिनी. तरी दुधाची स्वतःची साखर असतेच, तेव्हा अर्धा कप, पूर्ण नाही. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी उरलेलं त्याच्या वाडग्यात ओतू नये. कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषासारखं बाधतं.

आता कोजागिरीबद्दल, कारण पुन्हा बैठक होईल आणि पुन्हा वाद होईल. चंद्राला नैवेद्य आटीव मसाला दुधाचाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पहिली कढई तीच, चंद्र दुधात दिसला की आधी ती वाटायची. दुसरी कढई नंतर, आणि ती मुलांनी करायची. आम्ही फक्त बाजूला उभ्या राहू. हे म्हणणं काकांना मान्य आहे का, ते त्यांनी बैठकीत सांगावं. १० लिटरचं प्रमाण असं: कोको ४०० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, मीठ दीड लहान चमचा, घोळाला पाणी १ लिटर. पुदिना मात्र दहापट नको, सात-आठ जुड्या पुरेत, कारण मोठी कढई फार वेळ गरम राहते आणि पानं जास्त उतरतात. पानं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सोडा म्हणजे कढई गाळत बसावी लागणार नाही, ८ मिनिटांनी पुरचुंडी उचलायची की झालं. घोळ आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येतो. कढईला मोठी, दोरीची रवी लागेल. आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या सासूबाईंची एक आहे, तिची दोरी नवी करून घेतली आहे. दोरी ओढायला दोघं लागतात, एकमेकांसमोर बसून, आळीपाळीनं. मुलांमध्ये आत्ताच भांडण सुरू झालंय की कोण बसणार.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या बघून परतताना राजवाड्यापाशी आपण सगळेच कढईतलं दूध पीत आलोय. तिथला दूधवाला काय करतो ते नीट बघा कधी. पसरट कढई, मंद आच, कडेची साय सतत आत ढकलायची, आणि ग्लासात ओतताना हात उंच न्यायचा. आम्ही आज वेगळं काही केलेलं नाही.

पुरे गं, फेस आला. बघा, रवी उचलली तरी फेस बसत नाही, म्हणजे झालं. कप भरायला घ्या. वर एकेक कोवळं पान ठेवा, चुरडू नका. आधी काकू-मावशींना द्या. मुलांनो, थांबा, फुंकर मारून प्या, आत अजून चटका आहे. निळ्या किनारीचे कप बिनसाखरेचे आहेत, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तेवढेच उचलावेत.